सुटली

नाथाजी : ...आन तुझ्या आईला म्हनावं, पिशवी मांडीवरनं खाली ठेव. कोन पळवून न्हेत न्हाई हितं.

मंगल : त्यास्नी सांग, पिशवीत आमटीचा डबा हाय. कलंडला तर त्यांच्याच प्यांटीवर सांडंल.

प्रिया : झालं सुरू! आण्णा, आई, दोघं एकाच बाकड्यावर बसलाय. मधी वीतभर जागा न्हाई. तुमचं तिला ऐकू गेलं, तिचं तुमाला ऐकू आलं. मी काय सांगू परत?

नाथाजी : पाच म्हैन्यांनी आईबाप दारात आलं, आन ही भाषा?

प्रिया : पाच महिन्यांनी आलाय म्हणून तर पेशल चहा सांगितला. चहा घ्या, पंख्याखाली बसा. निरोप तेवढा सांगणार न्हाई. ते काम सोडलं मी.

मंगल : काम व्हय गं ते?

प्रिया : न्हाई तर काय! चौदा वर्षं केलं. आधी आण्णा पल्टनीतनं सुट्टीवर आले की, पेन्शनीत आल्यावर बारमास. सकाळी डोळा उघडायच्या आत 'तुझ्या आईला सांग', रात्री डोळा मिटायच्या आत 'त्यास्नी सांग'. पोस्टमनलासुद्धा रविवारची सुट्टी असती गं.

नाथाजी : बास! फालतू बात नको. कशाला आलोय ते ऐक. रविवारी विश्वजीतची सुपारी फुटायची हाय. मेढ्याचं पावणं येनार, पंधरा-वीस मानसं. पाचची बस हाय आष्ट्याची. सामान भर. आर्डर समज.

प्रिया : दादाची सुपारी, मी येणारच. रविवारी पहिल्या बसनं येते, पाहुणे गेले की परत. सामान कशाला भरायचं?

नाथाजी : परत? परत कुठं? ह्या भोपळ्यांत?

प्रिया : ह्या भोपळ्यांत.

नाथाजी : हवालदार नाथाजीची पोरगी मिरजंत भोपळं खरवडती! उसाच्या रानातली पोर. आगं, आमच्या परड्यात येलावर लोंबत्यात की. घरी बसून खरवड.

प्रिया : परड्यातला तुमचा भाजीचा, आण्णा. हा तानपुऱ्याचा, कडू जहर. एक फोड खाऊन बघा, रविवारी पाहुण्यांसमोर तोंड वाकडं घेऊन बसाल.

मंगल : हसू नगंस गं. तिकडं आमाला तोंड दाखवाया जागा न्हाई.

प्रिया : का? मी काय केलं?

मंगल : काय केलंस इचारती! पिठाच्या डब्यात चिठ्ठी सापडली मला. भाकरी टाकाया पीठ काढलं, तर कागूद. 'मी मिरजेला कामाला जाते, काळजी करू नको.'

नाथाजी : मला उशीखाली.

प्रिया : दोन्हीत सारखंच लिहिलं होतं. एकच ठेवली असती तर ज्याला सापडली त्यानं दुसऱ्याला दाखवली नसती. माहीत हाय मला तुमचं.

नाथाजी : गावात काय म्हनत्यात ठाव हाय? पारावर बोलत्यात, माझ्या कानानं ऐकलं. 'हवालदाराची पोरगी सुटली.'

प्रिया : बरोबर बोलत्यात. सुटले.

नाथाजी : लाज वाटत न्हाई सांगाया?

प्रिया : न्हाई वाटत. दिवसभर काम करते, मालकांच्या भाचीबरोबर खोलीत राहते, माझी भाकरी मी थापते. लाज कशाची? तुमी दोघं माझ्या मागं कसं बोलताय घरात, ते सांगा.

मंगल : बोलतोय की.

प्रिया : कसं?

मंगल : ...म्हशीला सांगते मी.

प्रिया : काय?

मंगल : म्हशीला. त्यास्नी ऐकू जाईल असं. 'म्हशी गं, आज लाईट रातची हाय, उसाला पानी पाजाया जायाचं कुनी?'

प्रिया : आणि आण्णा?

मंगल : त्यांचं त्यास्नी इचार.

नाथाजी : मी भामाबाईला सांगतो. शेजारची हाय, येनं-जानं असतं. ती न्हाई घावली तर... म्हशीलाच.

प्रिया : एकच म्हैस?

नाथाजी : दुसरी इकली गेल्या साली. हसतीस काय?

प्रिया : हसू न्हाई तर काय करू, आण्णा! मी घर सोडलं, आणि माझी जागा म्हशीला दिली. बरं, मग अडलंय कुठं? पाहुण्यांसमोर म्हैस आणून बांधा सोप्यात.

मंगल : थट्टा नगं गं, माझे आई. मेढ्याची व्हईनबाई लय बारीक नजरंची हाय. म्हनंल, 'जरा मालकांस्नी हाक मारा.' मी कशी मारू हाक? पोरीच्या आईला कळलं, ह्या घरात नवराबायकू बोलत न्हाईत, तर पोर देतील व्हय? तू असलीस म्हंजे कसं, मधनं फिरतीस, कुनाच्या ध्यानात येत न्हाई. आन व्हनी आली तरी घर नवं पडनार तिला. तू पायजेसच.

प्रिया : म्हणजे रविवारपुरतं न्हाई. जन्मभर.

मंगल : तसं न्हवं...

प्रिया : तसंच हाय. आई, मी आज पाचच्या बसला बसले, की माझं हितलं संपलं. तो कोपऱ्यातला तानपुरा दिसतोय? उद्या सकाळी सांगलीच्या गाणाऱ्या बाई येणार हैत त्याला. मालकांनी पहिल्यांदा अख्खी जवारी माझ्यावर सोडलीय. त्यांना पसंत पडली तर हितं कायमची बसले मी. आज गेले तर ते काम दुसऱ्याच्या हातात जाणार. आणि परत कोण देणार मला?

नाथाजी : जवारी म्हंजे? ज्वारी?

प्रिया : जवारी. ही हस्तिदंतासारखी पट्टी दिसते ना, तिला घोडी म्हणतात. तारा तिच्यावरनं जातात. तिला कानशीनं घासायचं. केसभर घासायचं, तार लावायची, ऐकायचं. पुन्हा घासायचं. तार बरोबर घुमायला पाहिजे. केसभर जास्त घासलं की घोडी वाया.

नाथाजी : आन हे तुला कुनी शिकिवलं?

प्रिया : आजीचा खुबा मोडला तेव्हा अकरा दिवस मिरजेच्या दवाखान्यात कोण होतं तिच्याजवळ? मीच. चहा आणायला या गल्लीत यायचे. दारात उभी राहून ऐकत बसायचे. एक दिवस मालक म्हणाले, 'काय ऐकतेस?' म्हटलं, 'तिसरी तार उतरलीय.' ते बघत राहिले. म्हणाले, 'कान कुणी तयार केला?' काय सांगणार होते त्यांना? आईबापांनी केला! दाराच्या आवाजावरनं मला कळायचं, आज आण्णा कसे हैत. भांडं कसं आपटलं, त्यावरनं कळायचं आई कशी हाय. शब्द तोंडात यायच्या आत मी हजर.

नाथाजी : तुला मारलं न्हाई कवा. उपाशी ठिवलं न्हाई. ह्येला तरास म्हनतीस?

प्रिया : व्हय, म्हणते. आणि मोठ्यानं म्हणते. तुमी मला बोट लावलं न्हाई, पण मी घरात माणूस नव्हते, आण्णा. मी फोन होते. आणि एक सांगू? खोटा फोन होते.

मंगल : खोटा म्हंजे?

प्रिया : तुमी जे म्हणायचा ते मी सांगायचेच न्हाई. आण्णा म्हणायचे, 'त्या अवदसेला सांग, भाकरी करपली.' मी सांगायचे, 'आई, आण्णांना आज भूक न्हाई.' तू म्हणायचीस, 'जाऊ दे त्यास्नी मसनात.' मी सांगायचे, 'आण्णा, आई म्हणते, अंधार हाय, बॅटरी घेऊन जावा.'

नाथाजी : ...बॅटरी?

प्रिया : मीच.

नाथाजी : दर पान्याच्या पाळीला बॅटरी भरून ठिवलेली असायची दारात.

प्रिया : मीच ठेवायचे.

मंगल : आन निळी साडी?

प्रिया : कुठली साडी?

मंगल : नागपंचमीला नेसली हुती मी. तू सैपाकघरात येऊन म्हनालीस, 'आण्णा म्हनत्यात, निळ्या साडीत आई बरी दिसती.' ते... ते बी तुझंच?

प्रिया : आई...

मंगल : सांग की. तुझंच?

प्रिया : माझंच गं. तू चार दिवस रडत होतीस, म्हणून.

मंगल : आत्ता गं बया. सात वरसं जपली ती साडी मी. धुतली की सावलीत वाळवायची. इटून जाईल म्हनून उन्हात घातली न्हाई कवा.

नाथाजी : तिला सांग...

प्रिया : मी न्हाई सांगणार.

नाथाजी : आगं, तिला एवढंच सांग, मी म्हटलं न्हवतं, ह्ये खरं. पर...

प्रिया : पर काय? तिच्याकडं बघून सांगा. ती बसलीय शेजारी.

नाथाजी : मला न्हाई सांगता येत. तुला ठाव हाय का न्हाई येत. आनभाक घेतलीया मी.

प्रिया : ठाव हाय की! माझ्याच डोक्यावर घेतली. दहा वर्षांची होते मी, चौथीत. तुमचा हात उजवीकडं, आईचा डावीकडं. तुमच्या हाताला बिडीचा वास, आईच्या हाताला कांद्याचा. 'ह्या पोरीची आन हाय, ह्या बाईशी एक शब्द बोललो तर.' आणि आई, तू म्हणालीस, 'माजी बी.' अख्खी आळी बघत होती.

नाथाजी : आकरा म्हैन्यांनी आलो हुतो गं मी सुट्टीवर. बर्फातनं. दोन दिस, दोन रात्री रेल्वेत. ट्रंक खांद्यावर घिऊन आलो तर दाराला कुलूप. सांजपातूर पायरीवर बसलो. येता-जाता जो त्यो इचारतोय, 'काय हवालदार, बायकू कुठं गेली?'

मंगल : माझी आई मरनाच्या दारात हुती! सांग त्यास्नी, मी काय जत्रंला गेली न्हवती. भाऊसोभावजींच्या हाती सांगावा दिला हुता, किल्ली बी त्यांच्याकडंच दिली हुती.

प्रिया : आणि भाऊसोकाका विसरले. तिसऱ्या दिवशी कबूल झाले सगळ्यांसमोर. म्हणजे कुणाची काय चूक नव्हती. एका माणसाचा एक निरोप चुकला, म्हणून चौदा वर्षं मी निरोप पोचवले. आण्णा, तिसऱ्या दिवशी कळलं ना? मग 'सुटली' का न्हाई म्हणालात? शाळेत आमी पोरी उठसूट शपथ घालायचो. भांडण मिटलं की 'सुटली' म्हणायचं, संपलं. एवढासा शब्द!

नाथाजी : पोरीबाळींचा खेळ न्हाई त्यो. सरकारला शपथ दिलेला मानूस हाय मी. बोललेली आन सुटली म्हनू?

मंगल : म्हनाया काय झालं हुतं? त्यांनी आदी म्हटलं असतं तर मी म्हटलंच असतं की.

नाथाजी : मी का आदी? घराला कुलूप मी लावलं हुतं?

प्रिया : बघा! ऐका स्वतःचं! चौदा वर्षं 'तू आधी का मी आधी'! आणि मी? मला काय वाटत होतं ठाव हाय? तुमी चुकून बोललात तर मी मरंन. खरंच मरंन. आण्णा घरी असले की मधल्या सुट्टीत शाळेतनं पळत यायचे मी. बाई विचारायच्या, डबा विसरलीस का? डबा न्हवता विसरला. तुमी बोलताय का ते बघायला यायचे. दोघं गप असलात की बरं वाटायचं. दहा वर्षांची पोर, आईबाप गप बसले की तिला बरं वाटायचं!

मंगल : प्रिये...

प्रिया : हात नको लावू. आधी ऐक.

मंगल : तू बी ऐक. मला काय हौस हुती गं? सहावीत तुला टायफाईड झाला, ध्येनात हाय? हे सुट्टीवर घरी हुतं. तू तापानं फनफनलीस. माझ्या तोंडातनं निघालं. म्हनाली मी, 'आवं, पोरीकडं बगा की.' आन रात्री तुला झटकं आलं. डोळं पांढरं केलंस तू. तवाधरनं माझी जीभ उचलत न्हाई त्यांच्याम्होरं. किती बार वाटलं, बोलावं. रुसवा कवाच गेला गं माझा. भ्या गेलं न्हाई.

नाथाजी : ...तिला वाटलं, तिच्यामुळं?

प्रिया : आण्णा?

नाथाजी : मी बी बोललो हुतो त्या दिवशी. दवाखान्यात न्हेताना. तिला म्हटलं, 'पाय धर तिचं.' मला वाटतंय आजवर, झटकं माझ्यामुळं आलं.

प्रिया : अरे देवा. दोघंबी! टायफाईड टाकीच्या पाण्यानं झाला होता, आण्णा. गावात नऊ पोरं पडली होती. त्या सगळ्यांच्या आईबापांनी काय आण घेतली होती?

मंगल : ते डाक्टरचं झालं. आईच्या जिवाला कोन सांगनार?

प्रिया : मी सांगते. चोवीस वर्षांची हाय. पाच महिने तुमच्यापासनं लांब हाय, रोज दोन वेळा जेवते, तीन किलो वाढलंय वजन. आता मी हितं बसते, ह्या स्टुलावर, तुमच्या डोळ्यांसमोर. आज बोला. मला काय होतंय ते बघूनच घेऊ.

नाथाजी : येडी झालीस? काय झालं म्हंजे?

प्रिया : मिरज हाय ही. दर चार घरांमागं एक दवाखाना हाय. बोला!

नाथाजी : ...बरं. पर एकसाथ. कोन आदी, कोन मागं न्हाई. तिला सांग.

प्रिया : ऐकलंय तिनं.

मंगल : हं.

नाथाजी : एक... दोन... तीन!

प्रिया : ...दोघंबी गप! शाब्बास. एकमेकांची वाट बघत बसलात ना? जावा घरी. म्हैस वाट बघत असंल.

मंगल : आवं. आवं, खरंच... निळ्या साडीत बरी दिसत हुती का हो मी?

प्रिया : आई!

मंगल : कपाळ बगू तुझं. सरळ बस. डोळ्यांकडं बगू दे. गरम लागतंय का गं?

प्रिया : तुझा हात गरम हाय, चहाचा. मला काय झालं न्हाई. आण्णा, ती तुमाला विचारतीय.

नाथाजी : ...दिसत हुतीस. झोक्याजवळ उभी हुतीस, बायकांत. मी वळून बगितलं, मंग दुसरीकडं बगितलं. म्हनायला पायजे हुतं. पोरीनं म्हटलं ते बरं झालं.

मंगल : बगितलं हुतं?

नाथाजी : दोन बार. सुटली गं मंगल. माझी सुटली.

मंगल : माझी बी सुटली. कवाच सुटली हुती वो, नुसतं म्हनायचं ऱ्हायलं.

(प्रिया कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडे वळते. चारही तारा एकामागून एक छेडते, कान लावते, पुन्हा छेडते.)

मंगल : लय गोड वाजतंय.

प्रिया : अजून केसभर राहिलंय.

नाथाजी : बरं, प्रिया. झालं आता मनासारखं? आता चल घरी. आता कुनी तुला निरोप सांगनार न्हाई. शब्द हाय माझा.

प्रिया : न्हाई, आण्णा.

नाथाजी : आता काय अडलं?

प्रिया : काय अडलं न्हाई म्हणून तर न्हाई येणार. तुमी दोघं बोलाया लागलात, आता घरात माझं काय काम? मला काम हितं हाय. रविवारी येते. बहीण म्हणून येते, नवी साडी नेसून, पाटावर बसून लाडू खायला. संध्याकाळच्या बसनं परत. कुणी अडवायचं न्हाई.

नाथाजी : आन लोकं इचारली तर? पोरगी कुठं असती?

प्रिया : सांगा, मिरजेत असती. तानपुरं बनवती. आणि 'सुटली' म्हणाले, तर 'व्हय' म्हणा.

नाथाजी : तुझ्या आईला सांग, पोरगी कुनावर गेली ते बग म्हनावं.

प्रिया : आण्णा!

नाथाजी : सवय हाय गं. चौदा वर्सांची सवय एका कपात जाती व्हय? ...मंगल, पोरगी तुझ्यावर गेलीया. हट्टी.

मंगल : तुमच्यावर गेलीया. पुरती हवालदार हाय. डबा उघडू का? वांग्याची आमटी हाय, भाकरी बी हायत. तिला आनलं हुतं, तिघांस्नी पुरंल.

नाथाजी : उघड. ...आगं पर घड्याळ बग. पाच वाजून गेलं. बस सुटली असंल की.

मंगल : सुटू द्या.